गव्हाच्या कोठीतली पुडी

आता तुमच्यापासून काय लपवायचं? लपवालपवी केली म्हणूनच तर ही वेळ आली. चहा घ्या आणि ऐका. फक्त हसताना कप सांभाळा, सतरंजी नवी आहे.

मी लोणखेड्याला एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. बावीस वर्षं झाली. गावात मला सगळे 'मास्तर' म्हणतात आणि मीही कधी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. दर पावसाळ्यात पोरांसाठी गंजाचा प्रयोग मीच मांडतो. एका नळीत पाणी आणि खिळा, दुसरीत तेल आणि खिळा, तिसरीत कोरडी हवा आणि खिळा, शेजारी दोनचार इतर धातूंच्या पट्ट्या. आठ दिवसांनी पोरं बघतात, वहीत लिहितात आणि विसरतात. मी मात्र विसरत नाही. गंज म्हटलं की माझं डोकं आपोआप सुरू होतं.

आणि अशा माणसाच्या घरात बंदूक! घाबरू नका. पीक संरक्षणाची, परवान्याची, एका नळीची जुनी बारा बोर. तापीकाठी आमचं शेत, मक्यात रानडुकरं नाचतात, म्हणून आमच्या आप्पांनी ती घेतली होती. आप्पांनंतर परवाना माझ्या नावावर झाला. खरं सांगायचं तर मी आजवर तिचा चाप दोनदाच ओढलाय, आणि दोन्ही वेळा डुकरं मका संपवूनच गेली. पण आप्पांनी जाताना माझा हात धरून एकच सांगितलं होतं, "सुभाष, हिले गंजू देऊ नको रे भाऊ."

शेतीचं नाही सांगितलं, आईचं नाही सांगितलं. बंदुकीचं सांगितलं! का? तर मी गंजाचा मास्तर म्हणून.

तर यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मी ठरवलं, काम शास्त्रशुद्ध करायचं. एका रविवारी ओट्यावर वर्तमानपत्रं अंथरली. बायको माहेरी गेलेली, म्हणजे अडवणारं कोणी नाही. हातात कॉलेजातले रबरी मोजे घातले, कारण घामातलं मीठ लोखंडाला लागलं की आठ दिवसांत तिथे बोटांचे ठसे उमटतात, लाल. बंदूक रिकामी आहे याची तीनदा खात्री केली. मग नळी वेगळी, दस्ता वेगळा, आणि कॅमेऱ्यासमोर बसल्यासारखा स्वतःशीच बोलत सगळं रॉकेलनं पुसून घेतलं. नळीतून कापडाचा बोळा पांढरा निघेपर्यंत फिरवला. वर तेलाचा पातळ हात दिला. पातळच हं! लोक थापतात भरमसाट, मग ते तेल लाकडात उतरतं, धूळ धरतं.

एवढी बैठक मांडलीच आहे तर घरातलं बाकीचं लोखंडही उरकावं म्हणून विळे, कुऱ्हाड, कुदळ, फवारणीचा पंप, सगळं तिथेच, त्याच कागदांवर खोललं आणि तेल दिलं. सायंकाळी सगळं जोडलं. बंदूक जोडली, जुन्या सुती धोतरात गुंडाळली, नळी खाली करून कपाटात कुलपात ठेवली. रेक्झिनच्या पिशवीत ठेवायची नाही, ओल धरते. आप्पांच्या फोटोकडे बघून म्हटलं, झालं बघा.

आणि खाली बघतो तर कागदावर एक तुकडा उरलेला!

बोटाच्या पेराएवढा, गोल, मधे बारीक भोक. तेलानं आणि काजळीनं काळाकुट्ट. आता तुम्हीच सांगा, बंदूक जोडून झाल्यावर एखादा तुकडा उरला तर माणसाला काय वाटेल? मला घामच फुटला. त्या पेराएवढ्या वस्तूला मी उलटंपालटं करून बघितलं. हा नक्की काडतुसावर आपटणाऱ्या पिनेचा भाग असणार. पिनेला आधार देणारा. भोक आहे ना मधे!

बंदूक पुन्हा खोलायची हिंमत नव्हती. एकदा खोलली तर एक उरला, दुसऱ्यांदा खोलली तर दोन उरतील. नंदुरबारच्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊ कधीतरी, असं ठरवलं. पण तोवर? एवढासा तुकडा, पावसाळ्याची हवा. सगळ्यात आधी गंज यालाच धरणार! म्हणून मी त्याला एरंडेलाचा हात दिला, वर ग्रीस, वर बटर पेपर, वर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, वर दोरा. आणि घरातली सगळ्यात कोरडी जागा कोणती? गव्हाची पत्र्याची कोठी. बायकोनं उन्हाळ्यात गहू कडक वाळवून, एरंडेल चोळून भरलेले. जिथे वर्षभर गव्हाला काही होत नाही तिथे लोखंडाला काय होणार आहे? कोपरापर्यंत हात घालून ती पुडी मी गव्हात खोल पुरली.

बायकोला सांगितलं? छे! सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "कोणी सांगेल व्हतं खोलाले?" आणि या प्रश्नाला रसायनशास्त्रात उत्तर नाही.

दोन महिने गेले. तुकडा विसरलो. दुरुस्तीवाला विसरलो. श्रावण आला, नागपंचमी झाली, आणि त्याच आठवड्यात बुधवारी पोलीस ठाण्यातून हवालदारांचा फोन.

"परवान्याचं नूतनीकरण आहे ना तुमचं? शनिवारी हत्यार घेऊन या तपासणीला. पूर्ण हत्यार."

पूर्ण! हा शब्द माझ्या छातीत असा बसला की फोन ठेवल्यावर मला तो तुकडा डोळ्यांसमोर दिसायला लागला. हत्याराचा भाग गहाळ म्हणजे काय? चौकशी. जबाब. परवाना रद्द. आप्पांची बंदूक ठाण्याच्या कोठारात जाणार, तिथल्या ओलीत, कोण पुसणार तिथे? डोळ्यांदेखत गंजणार. आप्पांनी एकच गोष्ट सांगितली होती आयुष्यात!

धावत जाऊन कोठीत हात घातला. हात पार खाली गेला आणि ठण्णकन पत्र्यावर आपटला. कोठी रिकामी!

आता इथे थोडं थांबून सांगतो, खानदेशाबाहेरचं कोणी बसलं असेल तर. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. त्याआधी रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू काढायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं, अगदी पाळण्यातल्या पोराच्यासुद्धा, सव्वा मूठ. सगळ्या भाऊबंदांचे गहू एकत्र, निवडायचे बायकांनी मिळून, आणि दळायच्या आधी चक्की धुऊन पुसून घ्यायची. सोवळं म्हणजे असं कडक की त्या गव्हाला चुकूनसुद्धा काही लागता कामा नये. यंदा कानबाई आमच्या चुलतभावाच्या, बापूच्या घरी. आणि चक्कीही बापूचीच. म्हणून माझ्या बायकोनं, ललितानं, रोटाचे गहू तर दिलेच, वर मांड्यांसाठी, म्हणजे खापरावरच्या पुरणपोळ्यांसाठी, म्हणून कोठीतले उरलेसुरले गहू गोणीत भरून आदल्याच दिवशी बापूकडे पाठवून दिले होते.

म्हणजे बंदुकीचा तुकडा कुठे? कानबाईच्या गव्हात! ग्रीससकट!

मी स्वयंपाकघरात गेलो. चेहरा सहज ठेवला.

"अगं, त्या कोठीत गव्हाशिवाय काही दिसलं का तुला?"

ललिताच्या हातातलं लाटणं थांबलं. "गहूशिवाय काय राहाले पाहिजे?"

"काही नाही. एक छोटी पुडी."

"पुडी?"

"छोटीशी. दोरा बांधलेली. आत काळं, जरा तेलकट..."

झालं! मी काय बोलून बसलो ते मला तिचा चेहरा बघून कळलं. तीन वर्षांपूर्वी मी कानबाईसमोर हात ठेवून तंबाखू सोडली होती. आणि आता काळी, तेलकट, दोरा बांधलेली पुडी!

"कानबाईनी आन लेयेल व्हती ना तुम्ही? आनी तिनाच गहूमा तंबाखू लपाडी?"

"तंबाखू नाही गं!"

"मंग काय शे?"

आता काय सांगणार? तंबाखू नाही, बंदूक आहे, असं सांगू? तंबाखूपेक्षा ते बरं की वाईट, याचा विचार करण्यात दोन क्षण गेले आणि त्या दोन क्षणांत निकाल लागला.

"खोटं नका बोला," एवढं म्हणून ती पाठ करून उभी राहिली. दुपारी ती बापूच्या घरी गहू निवडायला गेली. आणि सायंकाळपर्यंत आमच्या सगळ्या भाऊबंदांत मास्तरांनी परत तंबाखू सुरू केली हे पक्कं झालं. वाटेत एक म्हातारे काका भेटले, त्यांनी तर खिशातून डबीच काढून माझ्यापुढे धरली. म्हणे, आता लाज कसली?

तुम्ही म्हणाल, मग सरळ बापूकडे जाऊन गोणी का नाही बघितली? अहो, तीच तर गोम! बापूशी माझा अबोला होता. पुरे दोन महिने.

कारण सांगतो. जूनमध्ये त्यानं माझा फवारणीचा पंप नेला होता, चार दिवसांनी परत आणला, तर पुढचं नोझल गायब. मी विचारलं तर म्हणे पंप नेला तेव्हाच नोझल नव्हतं, त्यानं स्वतःचं लावून फवारलं आणि काढून घेतलं. मी भर पारावर म्हणालो, "भाऊ म्हणून वस्तू दिली तर तिचे असे भाग गळतात का रे?" चारचौघांत म्हणालो. तो उठून गेला. तेव्हापासून त्याच्या चक्कीकडे मी फिरकलो नव्हतो. दळण ललिताच नेते. अबोला तुमचा, माझा नाही, असं तिचं म्हणणं.

पण शुक्रवार उजाडला आणि मान खाली घालून मला जावंच लागलं. चक्की धुऊन पुसून लखलखीत, वर झेंडूचा हार. बापू बाहेर खाटेवर बसलेला.

"काय सुभाष! आज सूर्य कथाईन उगना?"

"बापू, आमच्या गव्हात... म्हणजे ते गहू दळले का?"

"आताच दळात. का बरं?"

"त्यात काही निघालं का? लोखंडाचं?"

बापूनं माझ्याकडे बघितलं. एकदा आत घरात बघितलं. मग अगदी गंभीर होऊन मला चक्कीपाशी नेलं आणि गहू ओततात त्या तोंडाशी बसवलेला जाडजूड चुंबक दाखवला.

"देख. गहूमा जे लोखंड व्हई, ते आठे चिकटी. खिळा ऱ्हावो, सुई ऱ्हावो. आज एक टाचणी बी चिकटनी नही."

"नीट बघितलंस?"

"चार डाव देखं. लोखंड नहीच. मन्हा गळानी शप्पथ."

गळ्याची शपथ घेतो म्हणजे माणूस खोटं बोलत नाही. आणि तो खोटं बोललाही नाही, हे लक्षात ठेवा. पण मला त्या वेळी एवढंच कळलं की तुकडा चुंबकालाही चुकवून थेट जात्यात गेला. म्हणजे त्याचं पीठ झालं! आप्पांच्या बंदुकीचे रोट! रविवारी सगळे भाऊबंद मिळून पिन खाणार!

मी तसाच परत आलो. रात्रभर डोळा नाही.

शनिवारी धोतरात गुंडाळलेली बंदूक घेऊन ठाण्यात गेलो. माझ्या आधी तिघं शेतकरी आपापल्या बंदुका घेऊन बसलेले. पहिल्याच्या नळीत हवालदारांनी उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाले, "यात बघायला काय आहे हो? आतून काही दिसतच नाही." दुसऱ्याची तर उघडेचना, गंजानं सांधाच धरला होता. हवालदार चिडत चालले होते आणि माझा नंबर जवळ येत होता.

मी ठरवलं, आपणच कबूल करून टाकायचं. उभा राहिलो, बंदूक टेबलावर ठेवली आणि हात जोडले.

"साहेब, एक सांगायचं होतं..."

"थांबा हो, आधी बघू द्या."

त्यांनी परवान्यावरचा नंबर जुळवला. बंदूक सांध्यातून उघडून नळी खिडकीकडे धरली, आत बघितलं. परत बघितलं. बंद केली. नळी वर करून घोडा मागे ओढला, चाप दाबला.

टक्!

काय सांगू, इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. आमचा मुलगा जन्मला तेव्हा रडला तोही इतका गोड वाटला नव्हता.

"पिन... चालते?" मी म्हणालो.

"न चालायला काय झालं? सगळं जागेवर आहे. तुम्ही काय सांगत होतात?"

"काही नाही! बंदूक बरोबर आणली आहे, एवढंच."

"अहो, हिला बंदूक म्हणतात! एक ठिपका गंज नाही. काय लावता तुम्ही?"

बस! एवढाच प्रश्न हवा होता. आयुष्यातलं सगळं ओझं उतरलेला माणूस, आणि समोर गंजाचा विषय! मी त्या तिघा शेतकऱ्यांना तिथेच, ठाण्याच्या बाकावर, अर्धा तास धडा दिला. घामातलं मीठ सांगितलं. रेक्झिनची पिशवी सांगितली. तेल पातळ का आणि महिन्यातून एकदा पुसायची का, तेही सांगितलं. हवालदार इतरांना म्हणाले, "बघा, शिकलेला माणूस असा असतो." मी मान डोलावली. डोलावली हो! खोटं कशाला बोलू?

घरी येताना मोटारसायकलवर मी मोठ्यानं गात होतो. बंदूक पूर्ण, परवाना शाबूत, आप्पा खूश. मग तो तुकडा कशाचा होता? हा प्रश्न मला पडला नाही का? पडला. पण सुटलेल्या माणसाला कोडी घालून घ्यायची हौस नसते.

रविवारी बापूच्या घरी कानबाई बसली. रात्र जागली, बायकांच्या फुगड्या झाल्या, सोमवारी विसर्जन करून सगळे रोट खायला बसले. आमचे चाळीसेक भाऊबंद, लहानमोठे, ओळीनं. ललिता समोर वाढत होती, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. मला वाटलं, तंबाखूचा राग गेला असावा.

बापू माझ्यासमोर येऊन बसला आणि त्यानं माझ्या ताटाशेजारी एक वस्तू ठेवली. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, वर दोरा.

माझी पुडी!

"गुरुवारे गहू निवडताना तुन्ही वहिनीले सापडनी," बापू म्हणाला. "उघाड."

"नको, नंतर..."

"उघाड रे! सगळा म्हणी ऱ्हायनात तंबाखू शे. देखू दे त्यास्ले."

चाळीस माना वळल्या. मी दोरा सोडला. प्लास्टिक. बटर पेपर. ग्रीस. बापूनं खांद्यावरचं फडकं पुढे केलं. मी पुसलं. काळं तेल निघालं, काजळी निघाली, आणि आतून पिवळं धमक, नवंकोरं झळकायला लागलं.

फवारणीच्या पंपाचं नोझल.

ज्यासाठी मी भर पारावर सख्ख्यासारख्या भावाला चोर म्हणालो होतो ते नोझल मी स्वतः, स्वतःच्या हातानं, पाच थर गुंडाळून लपवून ठेवलं होतं! ललिताला गुरुवारपासून माहीत. वहिनीला, म्हणजे बापूच्या बायकोला, माहीत. दोघींनी आणि बापूनं मिळून मला चार दिवस तळलं होतं.

"नोझल तुन्हं, गहू तुन्हा, आनी चोर मी!" बापू म्हणाला. हसत म्हणाला, पण डोळे भरलेले होते. मी उठलो, सगळ्यांदेखत त्याच्या पायाला हात लावला. त्यानं मला वर ओढलं आणि माझ्या तोंडात रोटाचा घास कोंबला. त्या घासाइतकं बरं मला बंदुकीच्या त्या टक् आवाजानंही वाटलं नव्हतं. भाऊ परत मिळाला होता.

पण बापू तेवढ्यावर सोडणार थोडाच? त्यानं ते नोझल उचलून उजेडात धरलं, सगळ्या पंगतीला फिरवून दाखवलं, आणि अगदी निरागस चेहऱ्यानं मला विचारलं, "मास्तर, एक शंका शे. हाई ते पितळनं शे. पितळले बी गंज लागस का हो?"

म्हणूनच बापू गळ्याची शपथ घेऊन 'लोखंड नहीच' म्हणाला होता! बावीस वर्षं! बावीस वर्षं मी त्या खिळ्यांच्या शेजारी ज्या पट्ट्या मांडतोय त्यातली एक पितळेची असते, आणि वहीत पोरं काय लिहितात? 'गंज चढला नाही.' पंगतीत हशा असा उठला की देव्हाऱ्यातला दिवा विझतो की काय असं वाटलं. ललिता तर पदर तोंडात घालून आत पळाली.

आता पंप माझ्यापेक्षा बापूकडेच जास्त असतो. परवाच परत आला. मी आधी पुढे बघितलं. नोझल नाही! पण या खेपेला मी तोंड उघडलं नाही. गप्प घरात गेलो आणि पुन्हा भरलेल्या कोठीत हात घातला. वरच्या वरच पुडी लागली. दोरा, प्लास्टिक, बटर पेपर, ग्रीस, सगळं शिस्तीत. आत नोझल, आणि बापूच्या अक्षरात एक चिठ्ठी:

'कोरड्या जागी ठेवलं आहे. गंजाला घाबरू नये.'